सव्वातीन फूट गाळ

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार

नाला मिळाला. घोडपदेवच्या उतारावरून निघून कॉटन ग्रीनच्या गोदामांमागून खाडीला जाणारा. दर शंभर फुटांवर आडवा छेद घ्यायचा, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळाची उंची ठिकठिकाणी मोजायची. अडतीस छेद होतील. मी, मोजणीचा गडी म्हणजे भिकू खलाशी, दुर्बीण आणि चौदा फुटी स्टाफ, फुटांच्या खुणा केलेली उभी पट्टी.

तेच अडतीस छेद वसंता ऑफिसात बसून काढणार, लढाईच्या आधीच्या नकाशावरच्या उंचीच्या रेषांवरून. मग दोघांच्या आकड्यांवरून नाल्यातून सेकंदाला किती पाणी वाहील त्याचं गणित, आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी. आगाशेसाहेबांना बघायचंय, टेबलावर बसून काम भागतं का. भागलं तर पुढच्या नाल्यांत माणूस उतरवायला नको. म्हणजे मी नको. रस्त्याखालची नवी मोरी केवढी बांधायची आणि गाळ उपसायचा की नाही, तेही याच उत्तरावर ठरणार.

वसंताचा हुद्दा कॉम्प्युटर. आकडेमोड करणारा माणूस. दिवसभर मशीनची मूठ फिरवतो. त्याच्या आईने शेजारणीला अभिमानाने सांगितलं, वसंता कॉम्प्युटर झाला, तर ती म्हणाली, "अगं बाई, मग औषध काय देतात?"

अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची, चाळ बाविसाव्या छेदावर येते. तळमजला. तिला सांगून आलो की तुझ्या दारात दुर्बीण लावणार आहे. ती म्हणाली, बघून काय करतोस, वास घे, समजेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भिकू उतरायला तयार नाही. "माका गावात विचारतीले, मुंबैक जावन काय करतंस, तर काय सांगू?" बरोबर आहे. मग मीच विजार वर करून उतरलो. साहेब नाल्यात आणि खलाशी काठावर हे त्याला बघवेना. तोंड वाकडं करून उतरला.

अडचण वेगळीच. स्टाफ टेकवला की गाळात रुततो. भिकू जोर लावेल तसा आकडा बदलतो. असं माप घेण्यापेक्षा घरी बसून पाढे म्हणावेत. अक्काकडून तुपाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण आणलं, ते गाळावर ठेवून त्यावर स्टाफ. हा गाळाचा वरचा आकडा. मग लोखंडी सळई खुपसून खालचा टणक तळ कुठे लागतो तो दुसरा. प्रत्येक जागी दोन-दोन मापं. वेळ दुप्पट जातोय. जाऊ दे.

घरी बायकोने, सुमनने, अंगणातच बादली ठेवली होती. कपडे आत आणायचे नाहीत म्हणते.

९ फेब्रुवारी, रविवार

गिरगावात व.कडे, म्हणजे वसंताकडे, जेवायला. माईंनी, त्याच्या आईने, शिरवाळे केले होते, नारळाच्या रसातले. पंगतीत मी त्याच्या शेजारी, ताट तेच, वाटी तीच. दोन वर्षांपूर्वी गोळीबाराच्या वेळी गल्लीतून पळत होतो, ओळखपाळख नसताना यानेच दार उघडून आत ओढलं. करफ्यू उठेपर्यंत दोन दिवस इथेच होतो. माईंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी हातातली पळी खाली ठेवली, परत उचलली आणि म्हणाल्या, भात वाढू का. एका ऑफिसात आहोत हे दुसऱ्या दिवशी कळलं. तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या.

परत येताना खोताच्या वाडीपर्यंत सोडायला आला. "अनंता, मला नुसत्या रेषा दिसतात. तू आत उभा असतोस. हेवा वाटतो." म्हटलं, ये की मग, झाकण धरायला माणूस हवाच आहे. हसला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काम संपलं. ज्या खुणेवरून निघालो तिच्यावरच परत आलो, बेरीज-वजाबाकी करून पाहिली. दोन शतांश फुटांचा फरक. म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी. अडतीस छेद, पंधरा दिवस, कमरेपर्यंत घाण, आणि एवढाच फरक. भिकूला चहा पाजला. तो म्हणाला, "दोन चा पाजा, दोन पाय घातलंय."

सतरा ते सव्वीस या छेदांत तळ खूप वर आलाय. गोदामवाल्यांनी वर्षानुवर्षं राख नि भंगार लोटलंय. बाविसाव्याला सव्वातीन फूट गाळ. अक्काच्या उंबऱ्यापासून नाल्याचा तळ आता माझ्या गुडघ्याएवढाही खाली नाही. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली तर पाणी जाणार कुठे? तिच्या घरात.

व.ला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या नकाशात तर तिथे छान उतार आहे. तुझा तळ एवढा वर कसा रे?" म्हटलं, नकाशा वीस वर्षं नाल्यात उतरला नाही म्हणून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फिल्डबुक, नाल्यात लिहिलेली मोजणीची वही, जमा करायला गेलो. हेडक्लार्कने दोन बोटांत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "सकपाळ, हे टेबलावर नको. वास मारतंय." मारतंय खरं. पानं फुगलीत, कडा काळ्या. नाल्यातलं पुस्तक आहे, अत्तराच्या दुकानातलं नाही. पण ज्या तऱ्हेने दोन बोटं धरली ती मला लहानपणापासून ठाऊक आहेत. धर्म बदलून सव्वा वर्ष झालं, ती बोटं काही बदलली नाहीत.

व. वरून आला होता. त्याने कट्ट्यावरून पुस्तक उचललं, सरळ काखेत घेतलं. सगळ्यांदेखत. "मी स्वच्छ उतरवून देतो. अनंताचं अक्षर तसंही कोंबडीचं." सगळे हसले, प्रश्न मिटला. फिल्डबुक उतरवून काढायचं नसतं, मूळच द्यायचं असतं, खोडायचंसुद्धा नसतं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण पुस्तक त्याच्या काखेत होतं. नियम आठवला नाही, आठवला तरी बोललो नसतो.

१ मार्च, शनिवार

अर्धा दिवस. लालबागच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची सभा, चार वाजता. दीडला निघतोय तर व. जिन्यात गाठ पडला, हातात नवीन बुक. मोत्यासारखं अक्षर. "सह्या कर, आज आत दिलं पाहिजे." प्रत्येक पानावर सही, अडतीस पानं. खाली पोरं घोषणा देत थांबली होती. जिन्याच्या कठड्यावर बुक ठेवून सह्या केल्या. व. पानं उलटत होता, मी करत होतो. एक पान वाचलं, पहिलं. बरोबर होतं.

सभेला अलोट गर्दी. भाषणवाला म्हणाला, आपल्यातला भेदाभेद या लढ्यात जळून गेला. बुक आत देऊन व.ही आला होता, आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मीही, जोरात.

२१ मार्च, शुक्रवार

आगाशेसाहेबांनी बोलावून पाठ थोपटली. "वा सकपाळ. फिल्ड आणि नकाशा, दोन्हींचे आकडे इतके जुळतील असं मलाही वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "साहेब, जुळायला नको होते."

ते विनोद समजले. टाइप केलेला तक्ता पुढे सरकवला. डावीकडे माझा आकडा, उजवीकडे नकाशाचा. सतरा ते सव्वीस, सगळे इंचाइंचाला सारखे. बाविसाव्याचा गाळ गायब. तिथे पाणी झुळझुळ वाहतंय. शेवटी निष्कर्ष: आहे तो नाला पुरेसा, गाळ उपसण्याची गरज नाही, मोरी आहे तीच चालेल, पुढील नाल्यांसाठी प्रत्यक्ष मोजणी अनावश्यक.

टायपिस्टची चूक असणार. दहा ओळी ओळीने चुकायला तो काय झोपला होता? तरी तीच असणार.

२२ मार्च, शनिवार

टायपिस्टची चूक नाही. नवीन बुक कपाटातून काढून पाहिलं. सतरा ते सव्वीस, व.च्या हस्ताक्षरात, एकही खाडाखोड नाही. दुर्बिणीचे आकडेसुद्धा मागे जाऊन बदललेत, म्हणजे बेरीज बसावी. डोकं लावून केलंय. खाली माझी सही, दहाही पानांवर.

व. टेबलावर नव्हता. जिन्यात थांबलो. आला, मला बघून थबकला. "नंतर बोलू अनंता. इथे नको."

"माझं जुनं पुस्तक कुठाय?"

"रद्दीत गेलं. वास येत होता, माई घरात ठेवू देईना."

तो वर गेला आणि मी कठडा धरून उभा राहिलो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडलो असतो, गळपट्टी धरली असती. याच्याशी काय भांडू हेच कळेना.

२४ मार्च, सोमवार

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, व.चं नाव न घेता. "उतरवताना चूक झाली" म्हणालो. का वाचवला त्याला, मलाच माहीत नाही.

साहेबांनी बुक उघडलं. "सही तुमची ना?"

"हो."

"वाचून केलीत?"

"एकच पान. पहिलं."

"मूळ पुस्तक?"

"नाही."

"मग सकपाळ, मी काय वरती पाठवू? तुमचं तोंड?" वाईट माणूस नाही. चिडून नाही बोलला. म्हणूनच जास्त लागलं.

३० मार्च, रविवार

सुमनला काल सांगितलं. तिने विचारलं, त्याला वरच्यांनी करायला लावलं असेल का? मीही आठवडाभर हेच धरून बसलोय. साहेबाने दम दिला असेल. बढतीचं आमिष असेल. मशीनवाल्यांची खुर्ची टिकावी म्हणून असेल. माणूस भित्रा निघाला, लोभी निघाला, तर निदान ओळखीचं काहीतरी आहे. आई आतून म्हणाली, "भटाबामणाच्या घरी जेवून आला की असंच." म्हटलं, आई, तो भट नाही, प्रभू आहे. "मग तर मासेही खाल्ले असशील," म्हणाली. हसू आलं आणि नंतर फार राग आला.

६ एप्रिल, रविवार

पुन्हा मोजलं. ऑफिसची दुर्बीण मिळणार नाही. गवंडी वापरतात तशी रबरी नळी आणली, पाण्याने भरून दोन्ही टोकांना काच. दोन टोकांचं पाणी एका पातळीत राहतं, त्यावरून मोजायचं. वेळखाऊ पण खोटं बोलत नाही. भिकू सुट्टी मोडून आला. न बोलावता उतरला.

पाचच छेद झाले. एकवीस ते पंचवीस. बाविसाव्याला सव्वातीन फूट, एक बोट इकडेतिकडे. भिकू म्हणाला, "कागद खय जाय थय जाऊ देत. माझ्या पायाक म्हायत हा, तळ खय हा तो."

अक्का दारात उभी राहून बघत होती. "परत कशाला? पहिलं चुकलं होतं काय?" नाही म्हटलं. ती मान हलवून आत गेली. तिला पटलं नाही, दिसलंच.

हे आकडे आठवडाभर खिशात घेऊन फिरेन. रविवारच्या, नळीने घेतलेल्या, कुणी न सांगितलेल्या मापांना ऑफिसात कोण विचारतो? तरी साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

(ठेवले. "बघतो" म्हणाले.)

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गेली दोन वर्षं व. येतो, मिरवणुकीत चालतो, आमच्याकडे जेवतो. वाटलं, यंदा यायचा नाही. आला. पेढ्यांचा पुडा घेऊन, पांढरा सदरा घालून. सुमनने बसायला दिलं. मी आतल्या खोलीतून बाहेर गेलो नाही. तो आईशी बोलत होता, माईंचे गुडघे, उन्हाळा. अर्धा तास. मग म्हणाला, "वहिनी, अनंताला सांगा, मी येऊन गेलो."

सुमन म्हणाली, "ते आहेत की आत." तशी ती सरळ आहे.

तो उठून गेला. पेढे आईने चाळीतल्या पोरांत वाटले. मी खाल्ला नाही. आवडतात मला.

३१ मे, शनिवार

मोजणी पार्ट्या बंद. मला तीन महिन्यांपुरतं रेकॉर्डला बसवलंय, भिकूला पाणी भरायला. दुर्बिणी गवसणी घालून कपाटात. कपाटाला कुलूप.

व.ला वरची ग्रेड मिळाली. वरच्या मजल्यावर चहा झाला. मलाही कप आला, पोराबरोबर. प्यायलो. थंड होता.

३ जुलै, गुरुवार

काल दुपारी भरती आणि पाऊस एकदम. तीनपासून नाला फुगला. संध्याकाळी अक्काकडे पोहोचलो तेव्हा पाणी घरात मांडीपर्यंत. सतरा ते सव्वीस याच पट्ट्यातल्या चाळींत, इतर कुठे नाही. खाली राख, वर पाणी. मी कागदावर मांडलं होतं तसंच, फुटाफुटाने. बरोबर ठरल्याचा असा आनंद कुणाला होऊ नये.

अक्का खाटेवर, खाट चार विटांवर. तांदळाचा डबा डोक्यावर धरून बसलेली. दाजी पाळीवर होते. मी डबा घेतला तर देईना.

"तू मापलं होतंस ना रे?"

"हो अक्का."

"दोनदा मापलंस. शेजारणी विचारतात, तुझा भाऊ दुर्बीण लावून बसला होता, मग उपसला का नाही? काय सांगू मी?"

तिला उचलून माळ्यावर चढवली. हलकी झालीय. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना पाण्यातून आणताना त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेलं. त्या रस्ताभर मला दुवा देत होत्या. मी तोंड फिरवून बसलो.

५ जुलै, शनिवार

मेमो. "आपल्या सहीच्या फिल्डबुकात दर्शविलेल्या तळाप्रमाणे नाला पुरेसा असताना छेद १७ ते २६ लगतच्या चाळींत पाणी शिरले आहे. सदोष मोजणीबद्दल आपल्याला सेवेतून कमी का करू नये याचा खुलासा ११ तारखेस सकाळी अकरा वाजता समक्ष करावा."

सदोष मोजणी. माझी. आणि माझे खरे आकडे नाल्यात आहेत, तिथे जाऊन कोण बघणार.

त्यावर हेडक्लार्क म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, ह्या कामाला जरा अनुभवी माणूस..." पुढचं वाक्य गिळलं. मला ऐकू आलं.

९ जुलै, बुधवार

व. दादरला भेटला. म्हणजे गाठलं त्याने, बसस्टॉपवर. इराण्याकडे बसलो. दोन चहा. बराच वेळ त्याने कपाला हात लावला नाही. मी ठरवलं होतं, आपण आधी बोलायचं नाही.

"कुणी करायला लावलं नाही," तो म्हणाला. "तुला तसं वाटत असेल. साहेबांना पत्ताही नव्हता. मीच केलं."

"का?"

"तुझे आकडे सतराव्याला एकदम तीन फूट वर उडाले. अशी उडी कशी येते तुलाही ठाऊक आहे. स्टाफवरचा फूट चुकीचा वाचला की पुढचं सगळं तितकंच चुकतं. नवीन माणसाची हमखास चूक. मला वाटलं, तुझं तसं झालं."

"मला विचारायचंस."

"तू दुखावला असतास. आणि ती चूक वर गेली असती तर... अनंता, माझी असती तर हसून सोडून दिली असती. तुझी असती तर वर्षानुवर्षं म्हणाले असते, राखीव जागेवरचे असेच. तू ऐकतोस ना रोज काय बोलतात ते? मला ते होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून झाकली."

मी म्हटलं, "पण माझी मोजणी शेवटी जुळली होती ना? ज्या खुणेवरून निघालो तिच्यावर परत. दोन शतांश. फूट चुकला असता तर शेवटी तो फूट दिसला असता. तू कॉम्प्युटर आहेस, तुला मी शिकवू?"

तो काचेच्या बरणीतल्या बिस्किटांकडे बघत होता.

"बोल."

"मला वाटलं, शेवटचा आकडा तू जुळवून घेतला असशील. सगळेच घेतात कधीतरी."

चहा तसाच ठेवून उठलो. परळपर्यंत चालत आलो, पावसात. भित्रा निघाला असता तर माफ केला असता. लोभी निघाला असता तरी. याने माझ्यावर प्रेमच केलं, आणि एक दिवससुद्धा, एक क्षणभरसुद्धा, हा बरोबर असेल असं त्याच्या मनात आलं नाही. नकाशा चुकला असेल हे नाही सुचलं. अनंता चुकला, आणि वर लबाडीही केली, हे लगेच सुचलं. मग त्या लबाडीवर त्याने मायेने पांघरूण घातलं. दोन बोटांनी पुस्तक धरणारा परवडला. तो निदान तोंडावर धरतो.

सुमनला सांगितलं. तिने ताट मांडलं. मग म्हणाली, "जेवून घ्या."

१० जुलै, गुरुवार

व. घरी आला. आज मी बाहेर बसलो होतो, समोरासमोर. खिशातून कागद काढला. "उद्या अकरा वाजता हे मी साहेबांना देणार. माझी ग्रेड जाईल, कदाचित नोकरीही. जाऊ दे. तू वाच आधी."

तेच मोत्यासारखं अक्षर. वाचला. "श्री. सकपाळ यांच्या मूळ फिल्डबुकातील छेद १७ ते २६ चे आकडे मला सदोष वाटल्याने मी सद्हेतूने त्यांत बदल केले. श्री. सकपाळ यांना याची कल्पना नव्हती."

मी तीनदा वाचला. आई दारात, सुमन चुलीपाशी, दोघींचे कान इकडे. इतका मोठा कागद आणून दिला मित्राने, नोकरीवर पाणी सोडून. पाया पडावं असा.

म्हटलं, "एक वाक्य राहिलं."

"कुठलं?"

"ते आकडे बरोबर होते. लिही."

त्याने पेन उघडलं. कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग वर बघितलं, डोळ्यांत पाणी. "ते मी कसं लिहू, अनंता? मी कुठे मोजलंय?"

"पाणी शिरलं ना घरात? अक्का खाटेवर बसली होती ना?"

"शिरलं. पण ते मोरी तुंबूनही शिरलं असेल. तीन फूटच गाळ होता हे मी कशावरून... मी खोटं एकदा लिहिलं. परत न बघता लिहू?"

मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही समजलं की आज पहिल्यांदा तो नीट बोलतोय. न बघता लिहायचं नाही. हे त्याला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. आणि मला, जिन्यात.

"मग बघ," म्हटलं. "उद्या सकाळी सात वाजता. ओहोटी आहे. बाविसाव्या छेदावर ये. आकडा मी वाचणार नाही, तू वाचायचास. आणि आत तू उतरायचंस."

तो म्हणाला, "माईला काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांग."

कागद घडी करून खिशात घालून गेला. आई म्हणाली, यायचा नाही. सुमन म्हणाली, येईल. मी दोघींना गप्प केलं.

११ जुलै, शुक्रवार

पावणेसात. अक्काच्या दारातून लिहितोय. भिकू आलाय, स्टाफ घेऊन. कपाटाचं कुलूप कसं उघडलं विचारलं नाही. पाणी उतरलंय. गाळ वर दिसतोय, काळा, वाळूच्या पट्ट्यासारखा सरळ. मुळात कुणी डोळ्यांनी बघायला आलं असतं तरी पुरलं असतं.

सव्वासात. नाही.

साडेसात. अक्का म्हणते चहा घे. नको म्हटलं. अकराला जायचंय, कपडे बदलायला परळला जायला हवं. आणखी दहा मिनिटं.

सात पस्तीस. गोदामाच्या कोपऱ्यावरून येतोय. पांढरी विजार. भिकू त्याला बघून मला म्हणाला, "हेका धरूक लागतला." म्हटलं, कुणी धरायचं नाही.

काठावर उभा आहे. माझ्याकडे बघत नाही, खाली बघतोय. चपला अजून पायात आहेत. मी त्याच्या हातात स्टाफ दिला आणि मागे येऊन बसलो.